सरकारी सेवांचे डॅशबोर्ड: धोरण ठरवताना कोणते कामाचे, कोणते शोभेचे

सरकारी सेवा ऑनलाइन गेली की प्रत्येक अर्जामागे नोंदींची एक साखळी तयार होते. अर्ज कधी सुरू झाला, कोणत्या पानावर अडकला, मोबाइलवरून भरला की कॉम्प्युटरवरून, मंजूर झाला की परत आला आणि परत आला तर कोणत्या कारणाने. या नोंदी एकत्र करून मांडणारी संकेतस्थळं आता बऱ्याच सरकारांनी उघडली आहेत. हा रिव्ह्यू त्यांच्याबद्दल आहे. सेवांच्या आकडेवारीतून धोरणाची टिपणं तयार करणं हे माझं काम. कोणता आकडा टिपणात जावा आणि कोणता बाहेर राहावा, हे ठरवण्यातच माझा दिवस जातो. म्हणून कोणताही डॅशबोर्ड उघडला की मी एकच विचारते: हे बघून कुणाला आपला निर्णय बदलावासा वाटेल का? रंग, नकाशे, गोल तक्ते हे सगळं नंतर.

आजवर पाहिलेल्यांत मला सर्वांत आवडलेला डॅशबोर्ड आता बंद झाला आहे. ब्रिटनच्या गव्हर्नमेंट डिजिटल सर्व्हिसने चालवलेला ‘परफॉर्मन्स प्लॅटफॉर्म’. २०२१ मध्ये तो बंद केला. त्यात एकेका सेवेचं एकेक पान असे आणि चार मापं सगळ्यांना सक्तीची होती: एका व्यवहारामागे येणारा खर्च, वापरणाऱ्यांचं समाधान, सुरू केलेल्यांपैकी किती अर्ज पूर्ण झाले त्याचं प्रमाण, आणि एकूण व्यवहारांपैकी किती ऑनलाइन झाले. बस, चारच. सगळ्या खात्यांना माप एकच असल्यामुळे सेवा एकमेकींशेजारी ठेवून बघता येत. एखाद्या खात्याला आपल्याला सोयीचा आकडा निवडून तोच मिरवता येत नसे, हा याचा सगळ्यात मोठा गुण.

त्या चारांतलं तिसरं माप, म्हणजे पूर्णतेचं प्रमाण, मला सगळ्यात मोलाचं वाटतं. ‘एवढे लाख अर्ज आले’ हा आकडा कुठेही सापडतो. पण किती जणांनी सुरुवात केली आणि त्यातले किती शेवटच्या पानापर्यंत पोचले, हे सांगायला धाडस लागतं, कारण उरलेली सगळी माणसं आपल्या सेवेने परत पाठवलेली असतात. याचं ठळक उदाहरण त्याच डॅशबोर्डवर होतं. ‘गव्ह डॉट यूके व्हेरिफाय’ ही ऑनलाइन ओळख पटवून देणारी सेवा. २०२० पर्यंत अडीच कोटी लोक ती वापरतील आणि प्रयत्न करणाऱ्यांपैकी ९० टक्के लोकांची ओळख पटेल, असा अंदाज धरला होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये वापरणारे होते ३६ लाख आणि ओळख पटण्याचं प्रमाण ४८ टक्के. युनिव्हर्सल क्रेडिट हा सरकारी आर्थिक आधार मागणाऱ्यांमध्ये तर ते ३८ टक्क्यांवर होतं. सरकारी खर्च तपासणाऱ्या नॅशनल ऑडिट ऑफिसने मार्च २०१९ च्या अहवालात हे सगळं मांडलं, पण यशाचं प्रमाण त्याआधीपासूनच सरकारच्या स्वतःच्या पानावर कुणालाही दिसत होतं. पुढे २०२३ मध्ये ती सेवा बंद झाली.

या ३८ टक्क्यांपाशी जरा थांबायला हवं. ज्यांना मदतीची सर्वांत जास्त गरज, त्यांचीच ओळख पटेना. पासपोर्ट नाही, ड्रायव्हिंग लायसन्स नाही, बँकेत कर्जाचा जुना इतिहास नाही, अशा माणसाची ओळख कागदपत्रांवरून ऑनलाइन पटवणं मुळातच अवघड. एकूण सरासरी ४८ दिसते आणि त्या सरासरीच्या पोटात ही दरी लपलेली असते. धोरणासाठी कामाचा आकडा तो पोटातला. म्हणून कोणत्याही डॅशबोर्डवर सेवेची एकंदर सरासरी दिसली, की ती गटागटाने उलगडून बघायची सोय आहे का, ते मी लगेच शोधते. नसेल तर त्या आकड्यावर माझं टिपण मी उभं करत नाही.

समाधानाच्या मापाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. ‘अतिशय समाधानी’पासून ‘अतिशय असमाधानी’पर्यंत पाच पायऱ्यांचा प्रश्न बहुतेक वेळा अर्ज पूर्ण झाल्यावर येणाऱ्या पानावर विचारला जातो. म्हणजे उत्तर देतात ते पार पडलेले. मध्येच कंटाळून किंवा अडकून निघून गेलेला माणूस त्या पानापर्यंत येतच नाही. पूर्णतेचं प्रमाण घसरलं आणि समाधान वाढलं, असं दोन्ही एकाच वेळी दिसू शकतं, आणि त्यात कुणी लबाडी केलेली नसते. फक्त रागावलेले लोक आधीच गळून गेलेले असतात. ही दोन मापं वेगवेगळ्या पानांवर असतील तर वाचणारा हमखास फसतो. खर्चाच्या मापातही तसंच. ऑनलाइन व्यवहार स्वस्त दिसतो, पण फॉर्म न कळल्यामुळे वाढलेले हेल्पलाइनचे फोन त्या हिशेबात धरलेत का, हे विचारल्याशिवाय ‘एवढी बचत झाली’ असं लिहू नये.

डॅशबोर्ड बंद झाला तरी ती चार मापं ब्रिटनच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये, म्हणजे सेवा कशा बांधाव्यात याच्या सरकारी मार्गदर्शिकेत, आहेत आणि कामगिरीची आकडेवारी प्रसिद्ध करावी ही अट तिथल्या सेवा मानकात आहे. पण प्रत्येक सेवेने आपापल्या जागी आकडे टाकणं आणि सगळे आकडे एका छताखाली असणं यात फार फरक पडतो. तुलना करायची तर आता शोधत फिरावं लागतं. मला हा तोटा खरोखर मोठा वाटतो.

अमेरिकेचं ‘ॲनालिटिक्स डॉट यूएसए डॉट गव्ह’ मार्च २०१५ पासून चालू आहे. केंद्र सरकारच्या, त्यात सामील असलेल्या संकेतस्थळांवर या क्षणी किती लोक आहेत, कोणती पानं सर्वांत जास्त बघितली जात आहेत, कोणत्या फाइल्स उतरवल्या जात आहेत, कोणता ब्राउझर, कोणतं उपकरण, सगळं एका लांब पानावर. उघडल्याबरोबर कळतं, लॉगिन नाही, आकडे सीएसव्ही आणि जेएसओएन या डेटा फाइल्सच्या दोन्ही प्रकारांत उतरवता येतात, आणि संकेतस्थळाचा कोडही खुला आहे. वापरायला इतकं सोपं सरकारी पान मी क्वचितच पाहिलं आहे.

त्याचा उपयोगही झाला आहे. अमेरिकी सरकारच्या वेब डिझाइन सिस्टिमने, म्हणजे सरकारी संकेतस्थळं बांधायच्या सामाईक साच्याने, कोणत्या ब्राउझरसाठी संकेतस्थळं नीट चाललीच पाहिजेत हे ठरवताना याच आकड्यांवर दोन टक्क्यांचा नियम लावला: ज्याचा वापर दोन टक्क्यांहून जास्त, त्याला आधार द्यायचा. नियम छोटा आहे, पण आकड्यावरून थेट निर्णय कसा निघावा याचा तो नमुना आहे. वाद घालायला जागा नाही, आणि आकडा बदलला की निर्णयही बदलतो.

धोरणासाठी मात्र हे पान फारसं पुरं पडत नाही. किती लोक आले हे कळतं, काम झालं का हे कळत नाही. कराचा परतावा कुठवर आला हे बघायला माणूस दहा वेळा येऊन गेला, तर ते लोकप्रियतेचं लक्षण मानायचं की परतावा रखडल्याचं? पान काही सांगत नाही. वेबसाइट सांभाळणाऱ्या टीमला मी हे डोळे मिटून सुचवीन. योजना आखणाऱ्यांनी इथून सुरुवात करावी, पण इथेच थांबू नये.

अशा ‘पुन्हा पुन्हा’ येण्याने काय घडतं ते मी जवळून पाहिलं आहे. एका कार्यालयाच्या सेवेच्या डॅशबोर्डवर अर्जांचा आलेख महिन्यागणिक वर चढत होता आणि बैठकीत ‘मागणी वाढते आहे, तरतूद वाढवा’ असा सूर लागला होता. पानवार नोंदी काढल्या तेव्हा दिसलं ते असं. चौथ्या पानावर दाखल्याचा फोटो जोडायचा होता आणि फाइलच्या आकाराची मर्यादा फार कमी ठेवलेली होती. आजच्या कोणत्याही फोनच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो त्या मर्यादेत बसत नव्हता. पान लाल अक्षरांत नुसतं ‘त्रुटी’ म्हणायचं, कारण सांगायचं नाही. लोक मागे जायचे, नव्याने सुरू करायचे, आणि प्रत्येक नवी सुरुवात वेगळा अर्ज क्रमांक घेऊन मोजली जायची. कॉम्प्युटरवरून स्कॅन केलेली प्रत जोडणारे सरळ पार पडत होते, मोबाइलवाले त्याच पानावर गोल फिरत होते. वाढत होती ती मागणी नव्हती, खेटे होते. मर्यादा वाढवली आणि अर्ज क्रमांकाऐवजी व्यक्ती मोजली, तसा आलेख खाली आला. खाली आलेला आलेख बघून तिथल्या वरिष्ठांना चिंता वाटली, तेव्हा तो का खाली आला आणि ती चांगली बातमी का आहे, हे समजावण्यात माझा बराच वेळ गेला.

म्हणून छेद बघा. वरचा आकडा सगळेच दाखवतात, कशाने भागलं ते कुणी सांगत नाही.

भारताची तीन उदाहरणं इथे घ्यायला हवीत, कारण तिन्हींत सेवेच्या नोंदी थेट धोरणाच्या चर्चेत आल्या आणि तिन्हींची गुणवत्ता वेगवेगळी आहे.

पहिलं रेल्वेच्या तिकिटांचं. २०१६–१७ च्या आर्थिक पाहणीत अनारक्षित डब्यांतल्या प्रवाशांच्या आकडेवारीवरून राज्याराज्यांमधलं कामासाठीचं स्थलांतर मोजायचा प्रयत्न झाला आणि २०११ ते २०१६ या काळात ते वर्षाला ९० लाखांच्या घरात असल्याचा अंदाज निघाला. जनगणना दहा वर्षांनी एकदा होते, तिकीट रोज फाटतं. अनारक्षित डबाच का, तर कामाच्या शोधात निघालेला माणूस बहुधा त्याच डब्यात असतो. दुसऱ्याच कामासाठी झालेली नोंद इतक्या विचाराने वापरलेली बघून मला मनापासून आनंद झाला होता. पद्धतही पाहणीत उघड मांडली आहे, त्यामुळे कुणालाही तिच्यावर आक्षेप घेता येतो. असंच असायला हवं.

दुसरं भविष्य निर्वाह निधीच्या पटाचं. एप्रिल २०१८ पासून दर महिन्याला नवे सदस्य किती, बाहेर पडलेले किती, परत आलेले किती, हे प्रसिद्ध होतं. वयोगटानुसार, राज्यानुसार. नियमितपणाला पूर्ण गुण. पण बातमीत ते ‘एवढ्या लाख नोकऱ्या निर्माण झाल्या’ असं येतं, तिथे माझा जीव कासावीस होतो. साधारणपणे वीस किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला हा कायदा लागू होतो. एकोणीस जण वर्षानुवर्षं काम करत असलेल्या कारखान्यात विसावा माणूस लागला, की वीसच्या वीस जण पटावर नव्याने येऊ शकतात. नोकरी एक वाढली, नोंदी वीस वाढल्या. जुन्या एकोणीस जणांना संरक्षण मिळालं ही मोठी गोष्ट आहेच, पण ती वेगळी गोष्ट आहे. शिवाय ताजे आकडे तात्पुरते असतात, पुढच्या महिन्यांत बदलतात. सांख्यिकी मंत्रालयाच्या पत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं की भविष्य निर्वाह निधी, कर्मचारी राज्य विमा आणि पेन्शन योजना या तीन स्रोतांमध्ये एकच माणूस दोनदा येऊ शकतो, म्हणून त्यांची बेरीज करू नये. हे वाक्य ज्यांनी लिहिलं त्यांचे आभार. ते पहिल्या पानावर ठळक अक्षरांत असतं तर आणखी बरं झालं असतं.

तिसरं कोविन. १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं आणि दिवसाचे, जिल्ह्याचे, वयाचे, स्त्री-पुरुषांचे आकडे सगळ्यांना दिसू लागले. नोव्हेंबर २०२१ च्या सुरुवातीला पहिली मात्रा पन्नास टक्क्यांच्याही खाली असलेले चाळीसहून अधिक जिल्हे वेगळे काढून पंतप्रधानांनी त्यांच्या अधिकाऱ्यांची बैठक घेतली आणि पाठोपाठ ‘हर घर दस्तक’ मोहीम निघाली. आरोग्यसेविका दारोदार गेल्या. आकड्याने पत्ता दिला आणि माणसं तिथे पोचली, याहून जास्त डॅशबोर्डकडून काय मागायचं?

पण त्याच कोविनने मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयाच्या लोकांना आधी ऑनलाइन वेळ घेणं सक्तीचं केलं होतं. त्या दिवसांतले नोंदणीचे आकडे बघितले तर मागणी प्रचंड दिसते, आणि ती स्मार्टफोन, इंटरनेट आणि चपळ बोटं असलेल्यांची मागणी आहे. फोन नसलेला माणूस त्या तक्त्यात ‘नको म्हणाला’ असाही दिसत नाही, तो दिसतच नाही. सर्वोच्च न्यायालयाने या डिजिटल दरीवर बोट ठेवलं. २४ मे पासून सरकारी केंद्रांवर या वयोगटाची जागेवर नोंदणी करायला केंद्राने परवानगी दिली होती. जिल्ह्याच्या लोकसंख्येशी आकडा भागला होता म्हणूनच पुढे मागे पडलेले जिल्हे सापडले. नुसत्या नोंदणींवर भिस्त ठेवली असती तर जिथून कुणी नोंदणीच करत नव्हतं, ते गाव कायम सुखी दिसलं असतं.

आता ज्या प्रकाराला मी एकही तारा देणार नाही, तो. ऑस्ट्रेलियाची रोबोडेट योजना. २०१५ ते २०१९ या काळात कर खात्याकडचं वर्षाचं उत्पन्न आणि भत्ता घेणाऱ्यांनी दर पंधरवड्याला कळवलेलं उत्पन्न यंत्राने ताडून बघितलं गेलं. कसं? वर्षाच्या उत्पन्नाला २६ ने भागून. समजा एखादी बाई सहा महिने नोकरीत होती आणि सहा महिने बेकार. बेकार असताना तिने भत्ता घेतला, उत्पन्न शून्य कळवलं, जे खरंच होतं. भागाकारात मात्र प्रत्येक पंधरवड्याला तिची अर्धी कमाई दिसू लागली. यंत्राने ठरवलं, हिने उत्पन्न लपवलं. वसुलीची नोटीस निघाली, आणि तू खोटं बोलली नाहीस हे सिद्ध करायची जबाबदारी तिच्यावर. जुन्या मालकांकडून वर्षांपूर्वीच्या पगारचिठ्ठ्या मिळवा. अशा नोटिसा चार लाखांहून जास्त लोकांना गेल्या. २०२१ मध्ये न्यायालयाने परतावे, माफ केलेली येणी आणि भरपाई मिळून सुमारे १.८ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या तडजोडीला मान्यता दिली. २०२३ च्या रॉयल कमिशनच्या, म्हणजे सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाच्या, अहवालाने हा कारभार बेकायदा आणि अन्यायाचा ठरवला. कायद्यात बदल केल्याशिवाय हे करता येणार नाही, असा सल्ला खात्याला २०१४ मध्येच मिळालेला होता.

यात डेटा खोटा नव्हता. दोन्ही नोंदी आपापल्या जागी बरोबर होत्या. एक वर्षासाठी गोळा केलेली, दुसरी पंधरवड्यासाठी, आणि वर्षाच्या नोंदीला भागून पंधरवड्याचं उत्पन्न ठरवायचा हक्क कुणालाही नव्हता. हे प्रकरण मी नव्याने कामाला लागलेल्या प्रत्येकाला वाचायला देते. नेदरलँड्समध्ये भत्त्यातली फसवणूक हुडकायला वेगवेगळ्या खात्यांचा डेटा जोडणारी सिरी नावाची यंत्रणा होती, तिलाही हेगच्या न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये खासगीपणाच्या हक्काचं उल्लंघन म्हणून थांबवलं.

एस्टोनियाचा उल्लेख थोडक्यात, कारण ते सगळ्यांना माहीत असतं. तिथल्या एक्स-रोड या डिजिटल जाळ्यावर २००१ पासून खात्याखात्यांमध्ये माहितीची देवाणघेवाण चालते. मला त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे: आपली माहिती कोणत्या खात्याने कधी बघितली, हे नागरिकाला स्वतः बघता येतं. सेवांचा डेटा धोरणासाठी वापरायचा तर ज्याचा डेटा आहे त्याला ही खिडकी मिळालीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

कुणी काय वापरावं, ते सांगते. सेवा चालवत असाल तर ब्रिटनच्या सर्व्हिस मॅन्युअलमधली चार मापांची पानं आधी वाचा आणि पूर्णतेचं प्रमाण पानवार काढायला लागा. अर्ज क्रमांक मोजू नका, माणसं मोजा. नाकारलेल्या अर्जांची कारणं मोकळ्या मजकुरात न ठेवता ठरावीक यादीतून निवडायला लावा, नाहीतर वर्षाअखेर हाती फक्त ‘कागदपत्रे अपूर्ण’ एवढंच येतं आणि कोणता कागद, हे कुणालाच सांगता येत नाही. बातमीदार असाल तर रोजगाराच्या पटाच्या पत्रकातल्या टिपा तक्त्याआधी वाचा. संशोधक असाल तर व्याख्या कधी बदलली त्याची तारीख मागून घ्या. आलेखात अचानक उडी दिसते तेव्हा मी तरी सगळ्यात आधी तीच शोधते. आणि डॅशबोर्ड बांधायला काढला असाल, तर लहान गावातले किंवा लहान गटातले एक-दोन जणांचे आकडे झाकायला विसरू नका. जिल्ह्याच्या तक्त्यात ‘१’ हा आकडा निरुपद्रवी वाटतो, पण गाव, वय आणि योजनेचं नाव शेजारी असेल, तर तो १ कोण आहे हे त्या गावात सगळ्यांना कळतं.